कानबाईचा अतिरिक्त कार्यभार

माणसाने पूजेवरून मध्येच उठू नये, हे नवनीतला मान्यच होतं. म्हशींना ते मान्य नव्हतं, एवढीच अडचण होती.

मागच्या श्रावणातली गोष्ट. शहाद्यातल्या त्याच्या घरी कानबाई बसत होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी येते, सोमवारी नदीवर जाते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पाटलांच्या भाऊबंदकीत ती घरोघर बसत नाही. थोरल्याच्या घरी बसते आणि बाकीचे सगळे तिथे गोळा होतात. नवनीतचे वडील थोरले होते, ते गेल्यावर पूजेचा पाट नवनीतकडे आला. तर हातात अक्षता, डोळे मिटलेले, शेजारी बायको रोहिणी, आणि पितांबराच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. एका वस्तीवर म्हैस अडली होती. नवनीत उठला, गेला, म्हैस मोकळी करून परत आला, तोवर आरती होऊन मंडळी पानसुपारीला लागली होती. म्हैस सुखरूप होती, पारडू सुखरूप होतं, नवनीतची अब्रू तेवढी गेली.

"पूजावरथीन उठी जास, त्याना घर देवी कसाले ठेवानी?" ब्राह्मणपुरीचे चुडामणकाका सगळ्यांदेखत म्हणाले. काका वडिलांचे धाकटे भाऊ, आता घराण्यात सगळ्यांत मोठे. त्यांचा आवाज असा, की कानात सांगितलेली गोष्टही गल्लीला कळते. "यंदा माफ शे. पुढला साल उठना, ते कानबाई ब्राह्मणपुरीले. मन्हं घर भरेल शे. तीन पोरे शेतस मन्हा!"

नवनीतची आई कमलबाई त्यावर एक अक्षर बोलली नाही, आणि ते फार वाईट लक्षण होतं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून या देवीचं पुरण तिनेच वाटलं होतं. ते सगळं आता धाकट्या दिराच्या ओसरीवर जाणार, या विचाराने तिने पुढे आठवडाभर भाजीत मीठ कमी घातलं. थोडक्यात, पुढच्या कानबाईला नवनीतने पाटावरून हलायचं नव्हतं. बस्स, एवढंच काम. यापेक्षा सोपं काम माणसाला कुठे मिळणार?

पण नवनीत ढोरांचा डॉक्टर होता. नावाआधी डॉ. लावायचा त्याला पूर्ण अधिकार आहे आणि घराच्या दारावर ते लावलेलंही आहे, तरी तालुका त्याला 'ढोरडाक्टर' म्हणतो. घाईतले लोक तर फोनवर नुसतं "ढोरवाला का?" विचारतात. त्याच्या दवाखान्यात भिंतीवरच्या फलकाप्रमाणे भरपूर माणसं आहेत. प्रत्यक्षात पर्यवेक्षक निवृत्त झाला, मलमपट्टी करणारा, ज्याला सरकार व्रणोपचारक म्हणतं, तो नाशिककडे बदलून गेला, आणि परिचराची जागा भरणार असं नवनीत नोकरीला लागल्यापासून ऐकत होता. त्यामुळे सकाळी तो परिचर म्हणून कुलूप काढी, झाडू मारी, मग खुर्चीवर बसून कारकून म्हणून नोंद करी, मग टेबलाला वळसा घालून डॉक्टर होई. पट्टी लागली की तो मागे वळून "पट्टी दे रे" म्हणायचा आणि स्वतःच हो म्हणून आणायला जायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर सांगायची गरज नव्हती. शेजारच्या दवाखान्याचे डॉक्टर बदलून गेले, त्यांच्या पलीकडच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणखी पलीकडे तर मुळात कोणी आलंच नव्हतं. या सगळ्या दवाखान्यांच्या किल्ल्या एकेक करत नवनीतच्या कमरेला आल्या. याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. हा शब्द सरकारने मोठ्या मायेने घडवलेला दिसतो, कारण त्यात काम कोणाचंच वाढत नाही, फक्त कार्यभार अतिरिक्त होतो. नवनीत पहाटे निघे, दिवे लागल्यावर परते आणि जेवताना ताटावरच पेंगे. एकदा रोहिणीने डोकं दुखतंय म्हटलं, तर तो झोपेतच म्हणाला, "रवंथ करतेय का?" त्यानंतर दोन दिवस त्या घरात फक्त सासू-सुनाच एकमेकींशी बोलत होत्या.

तर कानबाई जवळ आली तसा नवनीत जिल्ह्याच्या ऑफिसात साहेबांपुढे उभा राहिला. रविवारची तातडीची सेवा आणि सोमवार, एवढी सूट मागितली. साहेब भला माणूस. म्हणाले, "सुट्टी घ्या ना! माणूस आहात. फक्त चार्ज कोणाकडे देणार ते सांगा." मग त्यांनी स्वतःच कपाटातून एक जुना आदेश काढला. त्यात लिहिलं होतं, की त्या भागातला कोणताही डॉक्टर गैरहजर असेल तर त्याचा चार्ज डॉ. नवनीत पाटील यांच्याकडे राहील. साहेबांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे तुम्ही सुट्टीवर गेलात तर तुमचा चार्ज..." ते थांबले. नवनीतही थांबला. दोघांनाही नियमात काही खोट दिसेना. शेवटी साहेब म्हणाले, "चार्ज घेणारा आणा, सुट्टी घेऊन जा."

शेजारी जालमसिंग गिरासे राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्यांच्या नोकऱ्या सांभाळत. ही बातमी त्यांना कोणी सांगितली नव्हती, तरी संध्याकाळी ते सल्ल्यासह हजर झाले.

"आजारी पडी जाय," जालमसिंग म्हणाले. "आजारी मानूसले कोन काय करी? डाक्टरनं सर्टिफिकेट लयी ये."

नवनीतला खोटं बोलायचं जिवावर आलं, पण देवीसाठी म्हणून तो एका ओळखीच्या, माणसांच्या, डॉक्टरांकडे गेला. बाहेर एवढी गर्दी की त्याचा नंबर लागेपर्यंत त्याला खरंच बरं वाटेनासं झालं. आत गेल्यावर डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाटील! देवासारखे आलात. आमचा टॉमी दोन दिवस खात नाही. मला इथून उठायला वेळ नाही हो!" नवनीत वरच्या मजल्यावर गेला, टॉमीच्या घशातलं हाड काढलं, टॉमीने त्याचा अंगठा फोडला, आणि तो घरी आला तो हाताला पट्टी बांधून. सर्टिफिकेट मागायचं दोघेही विसरले होते.

"मंग पाटी लाव," जालमसिंगांनी दुसऱ्या दिवशी पुढचा सल्ला काढला. "डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत."

तीही लावून पाहिली, आधी सराव म्हणून. आपल्या भागातला शेतकरी समजूतदार. पाटी वाचून तो परत गेला नाही. डॉक्टर बाहेरगावी गेलेत म्हणजे येतील तेव्हा दमलेले असतील, आपण आधी नंबर लावलेला बरा, असा विचार करून लोक फाटकापाशी बसून राहिले. रोहिणीला त्यांना चहा करावा लागला. नवनीत आत पलंगावर आडवा होता आणि खोकलाही दाबत होता, कारण तो बाहेरगावी होता.

अखेर उपाय सापडला तो डोंगरात. धडगावकडे रायसिंग पावरा नावाचा त्याचा जोडीदार होता, एकाच कॉलेजात शिकलेला आणि तितकाच किल्ल्यांनी वाकलेला. दर होळीला रायसिंग घरी जायचा. डोंगरातली होळी सोडून नोकरी करणारा पावरा आदिवासी अजून जन्मायचा आहे. तेव्हा त्याच्या दवाखान्यांवर नवनीत जाऊन बसे.

"अरे, आधी सांगायचं ना!" रायसिंग फोनवर म्हणाला. "होळीला तू बसतो, कानबाईला मी बसेन. माझी काय कानबाई आहे का? बिनधास्त पूजा कर."

साहेबांनी हे ऐकून तोंडी परवानगी दिली. नवनीतला इतका हलकेपणा वाटला की त्याने चौकातून जिलेबी आणली. आता प्रश्न फक्त फोनचा उरला. लोक फोन नवनीतलाच करणार. यावरही जालमसिंगांकडे तोड होती.

"फॉरवर्ड करी टाक रायसिंगना नंबरवर. तुले फोन उना का त्याले जाई. तू निवांत!"

त्यांनी स्वतः चष्मा लावून नवनीतच्या फोनवर ते करून दिलं. हे खरोखर हुशारीचं काम होतं. दुर्दैव एवढंच, की डोंगरातल्या माणसालाही तेवढीच हुशारी असते. रायसिंगने विचार केला, आपण दोन दिवस शहाद्याला, आपल्या पाड्यांवरचे लोक आपल्याला फोन करतील, घोळ होईल, त्यापेक्षा पाटलाला जाऊ दे, घरीच तर बसलाय. त्यानेही आपला फोन नवनीतच्या नंबरवर वळवून टाकला. आता तालुक्यातून नवनीतला केलेला फोन रायसिंगकडे जाई, रायसिंगकडून नवनीतकडे येई, आणि कंपनीला हा खेळ मान्य नसल्याने ऐकणाऱ्याच्या कानात नुसतं टूं टूं होई. दोघेही डॉक्टर मात्र आपापल्या जागी खूश होते.

शनिवारी घरात रोटाचं दळण झालं. रोट म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या. घराण्यातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, आणि त्या पिठाच्या पोळ्या भाऊबंदकीनेच खायच्या. बाहेरच्याला द्यायच्या नाहीत, उरवायच्या नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायच्या. चुडामणकाका मोजणीला स्वतः आले.

"मन्हा तिन्ही पोरे धर, त्यासना पोरे धर," ते म्हणाले. "सगळा येतीन यंदा. मन्हा अजित ते सकायनी गाडीवर निंघी ऱ्हायना."

"मागच्या वर्षी पण येणार होते, काका," रोहिणी हळूच म्हणाली.

"मागला साल त्यासले सुट्टी नही भेटनी. यंदा येतीन!"

कमलबाईने मुठी टाकल्या. पुणे, नाशिक, सुरत, सगळीकडच्या भाऊबंदांचे गहू परातीत पडले. रविवारी सकाळपासून त्याच भाऊबंदांचे फोन रोहिणीच्या मोबाइलवर यायला लागले. कोणाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीचा माणूस नव्हता, कोणाच्या बँकेत दोघंच उरले होते, कोणाच्या दुकानातला पोरगा पळून गेला होता. सगळ्यांनी देवीला नमस्कार सांगितला होता. दुपारच्या पंगतीला नवनीत, काका आणि जवळपासचे चारदोन चुलते बसले तेव्हा पोळ्यांचा ढीग त्यांच्या डोक्याच्या वर दिसत होता. नवनीतच्या ताटात रोहिणी एकेक वाढत गेली. "ही नाशिकच्या भाऊंची. ही त्यांच्या मुलाची. ही सुरतच्या चुलत्यांची." सुरतची पोळी संपता संपता नवनीतच्या लक्षात आलं, की ऑफिसचा अतिरिक्त कार्यभार सोडून तो घरचा अतिरिक्त कार्यभार खात बसला आहे. एरवी आवडीची गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी त्याने त्या दिवशी पुन्हा मागितली नाही.

काकांची तिन्ही पोरं आली नाहीत. त्यांच्या वाटच्या पोळ्या काकांनी स्वतः, वर न पाहता, खाल्ल्या.

संध्याकाळी स्थापना. चौरंग मांडला, फाटकाला केळीचे खांब बांधले. नथ घातलेली, कुंकू ल्यालेली कानबाई अशी काही दिसत होती, की कमलबाईच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा मीठ बरोबर पडलं. नवनीत पितांबर नेसून पाटावर बसला. काका समोर खांबाला टेकून, पहारेकऱ्यासारखे. बायकांनी गाणी धरली. नवनीतने डोळे मिटले.

फाटकाबाहेर बैल हंबरला.

टूं टूं ऐकून कंटाळलेला तालुका आता जातीने आला होता. ढोरडाक्टरचा फोन लागत नाही म्हणजे तो घरीच असणार, हे कोणालाही कळतं. ट्रॉलीत एक गाय, दोरीला दोन बैल, सायकलला बांधलेली शेळी. शेतकरी आत आले, देवीला हात जोडले, नवनीतकडे पाहिलं आणि अदबीने म्हणाले, "तू तुन्ही पूजा कर, डाक्टर. आमी थांबतस." यातला एकही घाई करत नव्हता, म्हणूनच नवनीतला जास्त अपराधी वाटत होतं. शेळी मात्र कोणासाठी थांबणारी नव्हती. तिने केळीचा एक खांब खायला घेतला.

जालमसिंगांनी फाटकाचा ताबा घेतला. बैल इकडे, गाय तिकडे, अशी त्यांनी व्यवस्था लावली आणि खिडकीत येऊन तक्रारी आत सांगू लागले. "नवनीत! बैल लंगडी ऱ्हायना!" नवनीत बोलणार कसा? काका त्याच्याकडे बघत होते. त्याने देवीला गंध लावायला बोट उचललं. "एक इंजेक्शन सांगी ऱ्हायना!" जालमसिंगांनी बाहेर जाहीर केलं. त्याने अक्षता वाहायला पाच बोटं जोडली. "पाच दिन!" जालमसिंग ओरडले. त्याने फूल वाहिलं तेव्हा जालमसिंगांनी मान तिरकी करून नीट पाहिलं, मग म्हणाले, "पाला खावाले देवाना शे."

हा उपचार आणखी पुढे गेला असता, पण कोणीतरी दवाखान्यात जाऊन रायसिंगला घेऊन आलं. रायसिंग दिवसभर तिथे एकटा बसून होता आणि या भागातली ढोरं किती निरोगी आहेत याचं नवल करत होता. अंगणात येताच त्याच्या सगळं लक्षात आलं. खिडकीतून त्याने नवनीतला हात केला, तू हलू नको, आणि बाह्या सारल्या. एका बैलाचं शिंग मोडून रक्त वाहत होतं, तिथून त्याने सुरुवात केली. नवनीतला अगदी भरून आलं. त्याने काकांकडे विजयी नजरेने पाहिलं, आणि पाटावर जरा आणखी ऐसपैस बसला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

काका उठून बाजूला गेले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज प्रथमच खाली आला होता. ते नवनीतच्या मागे वाकले.

"नवनीत... म्हस अडी गयी."

"कोनी?"

"मन्ही. घर तुन्ही काकू एकलीच शे. तू ऊठ भो."

खरं सांगायचं तर नवनीतला त्या क्षणी फार बरं वाटलं. वर्षभराचा अपमान त्याच्या जिभेवर आला. "काका," तो देवीकडे बघत शांतपणे म्हणाला, "पूजावरथीन उठता येस नही."

"मी सांगस ना तुले."

"सगळासमोर सांगा."

काकांनी खिडकीकडे पाहिलं. रायसिंग बैलाच्या शिंगात गुंतलेला, कोपरापर्यंत रक्त. त्याला सोडून जाता येणार नव्हतं. काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द येईना. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस असा अडकलेला पाहून नवनीतची मजा एकदम संपली. तरीही तो उठेना, कारण पलीकडे त्याला आई दिसत होती. आत्ता उठलं तर देवी गेली. आईला हे सांगायचं कोणी?

गाणं थांबलं होतं. कमलबाईच पुढे आली.

"ऊठ, नवनीत," ती म्हणाली. "देवी थांबी. म्हस थांबाव नही. ती बी बाईमानूस शे."

"पन माय, काकानं बोलनं..."

"मी ऐकेल शे ते. ऊठ."

नवनीत उठला. काका त्याच्या जागेवर बसले, दुखऱ्या गुडघ्यांवर हात दाबून, रोहिणीच्या शेजारी. पितांबर बदलायला वेळ नव्हता. शहाद्यापासून ब्राह्मणपुरीपर्यंत लोकांनी एक पिवळा जरीकाठी पितांबर मोटरसायकलवर उडत जाताना पाहिला, आणि काहींनी हातही जोडले.

काकांच्या गोठ्यात सुंदरबाई काकू म्हशीचं तोंड धरून बसली होती. भरलेलं घर म्हणून काका सांगत त्या घराच्या तीन खोल्यांना कुलपं होती. दोन पोरं सुरतला, एक चाकणला, हे नवनीतला माहीत होतं, पण कुलपं पाहिली नव्हती. पारडाची मान मागे वळली होती. नवनीतने पितांबर मांडीला खोचला, हात घातला, आणि काकूला म्हशीशी बोलत राहायला सांगितलं. काकू बोलायला लागली, पण म्हशीशी नव्हे.

"तू काकावर राग धरू नको," ती म्हणाली. "त्याले तुन्ही देवी नको शे. त्याले पोरे जोयजेत. फोन करा का त्या म्हनतस, सुट्टी नही. तुन्हा घरनी कानबाईले येवाले सुट्टी नही भेटस. आपला घरनी कानबाई ऱ्हायनी ते मांगी लेतीन, अशी आशा शे त्याले."

नवनीतचा हात आत होता, त्यामुळे त्याला काही करता आलं नाही. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. परातीत पडलेल्या त्या सव्वा सव्वा मुठी त्याला आठवल्या, आणि काका त्या पोळ्या खाली मान घालून खात होते तेही. मग मान सरळ झाली, म्हशीने जोर केला, आणि काळीभोर पारडी दोघांच्या अंगावर आली. पितांबराचा पिवळा रंग त्यानंतर कोणी पाहिला नाही.

तो परतला तेव्हा आरती झाली होती, बायकांच्या फुगड्या चालल्या होत्या. रायसिंग अंगणातच जेवायला बसला होता. रोट त्याला देता येत नव्हता, म्हणून रोहिणीने त्याच्यासाठी वेगळी पुरी तळली होती. काका अजून पाटावरच होते. पाय इतके आखडले होते की त्यांना उठता येत नव्हतं. नवनीतने बगलेत हात घालून उठवलं.

"पारडी," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली. बराच वेळ त्याचा हात सोडला नाही.

सोमवारी सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन बायका नाचत नदीकडे निघाल्या. पुढे वाजंत्री, मागे भाऊबंद, सगळ्यांत मागे जालमसिंग, सल्ला देत. देवीचं विसर्जन झाल्यावर काका काठावरच्या दगडावर उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात बोलले.

"ऐका! नवनीत काल उठना, पन तो मन्हा करता उठना. मीच उठाडं त्याले. कानबाई जठे शे तठेच ऱ्हाई. मी बोलेल मांगे लेस."

लोकांनी माना डोलावल्या. कमलबाईने पदराने डोळे टिपले. नवनीतने वर्षभर ज्यासाठी साहेब, टॉमी आणि टूं टूं सोसलं होतं, ते त्याच्या पदरात पडलं होतं. आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं.

"नही काका," तो म्हणाला. "उठनू ते उठनू. बोली ती बोली. पुढला साल कानबाई ब्राह्मणपुरीले."

काका दगडावरून पडता पडता वाचले. "अरे, पन मी माफ करी दिन्हं ना!"

"तुम्ही माफ कयं. मी नही कयं."

नवनीतने आईकडे बघायचं टाळलं. तिच्याआधी रोहिणीच बोलली, आणि तिच्या आवाजात असा उत्साह होता, जो लग्नानंतर त्याने क्वचितच ऐकला होता. "हो काका, न्याच तुम्ही! पाटा-वरवंटा देते, मोठी परात देते, हवं तर आजच न्या!" दोन दिवस एकटीने पोळ्या लाटलेल्या बाईचा कार्यभार किती अतिरिक्त होता, याची कोणत्याही ऑफिसात नोंद नव्हती.

कमलबाई नदीकडे बघत उभी होती. नवनीतने रात्री तिला गोठ्यातलं सगळं सांगितलं होतं, फक्त काय करणार ते सांगितलं नव्हतं.

"लयी जा," शेवटी ती दिराला म्हणाली. "पन पुरन मी वाटसू. सुंदरनं पुरन पातळ व्हस."

काकांनी टॉवेलने तोंड पुसलं, ते जरा जास्तच वेळ पुसलं. नोकरीला लागल्यापासून नवनीतने कोणाला कार्यभार दिला आणि समोरच्याने तो आनंदाने घेतला, असं हे पहिल्यांदाच होत होतं. मग काकांनी खिशातून फोन काढला आणि वाजंत्रीच्या वरताण आवाज लावला.

"अजित! पुढला साल कानबाई आपला घर! ... हा, आपला! तिन्ही भाऊ, पोरेसोरे, सगळा! ... काय? सुट्टी?" ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला. "साहेब नही म्हनी? मंग दे साहेबले फोन. आतेच दे. मी सांगस त्याले, पूजाना पाटवर बठानं म्हंजे काय ऱ्हास ते!"